मोटारसायकलीचें चाक घरीं कसें काढावें

बैलगाडीस टेकू देऊन खीळ काढणें, चाक बाहेर ओढणें व आंसास वंगण घालणें हें काम आपल्या शेतकरी बंधूंस कोणी शिकवावें लागत नाहीं. मोटारसायकलीच्या बाबतींत मात्र आपण इतके परावलंबी झालों आहों कीं, टायर झिजला किंवा फाटला म्हणजे सबंध गाडी टेंपोंत घालून नेतों, अगर हवा गेलेल्या चाकावरच तशीच रेटीत नेतों. या दुसऱ्या प्रकारांत ट्यूब चिरडते, रिम वांकते आणि टायरच्या खर्चांत आणखी दोन खर्चांची भर पडते.

हिंगोली जिल्ह्यांत हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत असे पांच तालुके आहेत. टायरचें दुकान बहुधा तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गांवीं असतें. सोयाबीनच्या पेरणीच्या वेळीं अथवा हळद शिजविण्याच्या दिवसांत एक दिवस जाणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. चाक घरीं काढून तेवढेंच एस. टी. नें दुकानीं नेलें, तर गाडी वाहून नेण्याचें भाडें वांचतें. परंतु चाक काढणें सोपें असून तें नीट परत बसविणें हेंच खरें काम आहे, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावी. त्या चाकावर आपलीं मुलेंबाळें बसतात.

तयारी: जागा सपाट व घट्ट असावी, काळ्या मातीच्या ओल्या अंगणांत स्टँड रुततो आणि गाडी अंगावर येते. सायलेन्सर थंड होऊं द्यावा. आंसाच्या नटास बरोबर बसणारे दोन पाने, पक्कड, हातोडी, लांकडाचा ठोकळा, वंगण व एक स्वच्छ फडकें एवढें साहित्य पुरें. फडकें जमिनीवर पसरून निघालेला प्रत्येक भाग ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें त्यावर मांडावा. घरांत मोबाइल असेल तर काम सुरू करण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं.

मागील चाक: गाडी डबल स्टँडवर घ्यावी. ब्रेकच्या दांडीचा नट सोडवून दांडी मोकळी करावी. तिची स्प्रिंग, पिन व नट लगेच दांडीवरच परत अडकवून ठेवावे, म्हणजे हरवत नाहींत. ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरूं नये म्हणून पुष्कळ गाड्यांत तिला एका पट्टीनें गाडीच्या मागील दांड्याशीं बांधलेलें असतें; त्या पट्टीची खीळ व नट काढावा. मग आंसाचा नट काढून लांकडाचा ठोकळा धरून आंस हळू ठोकावा व दुसऱ्या बाजूनें ओढून घ्यावा. या वेळीं आंसावरील नळी, जिला कारागीर बुश म्हणतात, खालीं पडते. ती कोणत्या बाजूची व तिचें कोणतें तोंड आंत होतें हें पाहून ठेवावें.

आपल्याकडील बऱ्याच लहान गाड्यांत चेनची मागील चक्री दुसऱ्या एका मोठ्या नटानें जागींच धरलेली असते. तो नट मुळींच सोडूं नये. चाक ब्रेकच्या बाजूस सरकविलें कीं तें चक्रीपासून सुटतें आणि चेनला हात लावावा लागत नाहीं. मग एकानें गाडी किंचित् कलती धरावी व दुसऱ्यानें चाक बाहेर काढावें. तुंब्यांतील रबराचे ठोकळे फाटले असल्यास याच वेळीं बदलावे. ब्रेकच्या आंतील धूळ तोंडानें फुंकूं नये, ती छातीस अपायकारक आहे. ओल्या फडक्यानें पुसावी. ब्रेकला वंगणाचें बोटही लागूं देऊं नये.

पुढील चाक: इंजिनाखालीं भक्कम लांकडी ओंडका द्यावा व मागें एका माणसानें गाडी दाबून धरावी. ब्रेकची आणि वेगमापकाची तार सोडून आंस काढावा. परत बसवितांना ब्रेकच्या पाटीवरील खांच पुढील नळावरील उंचवट्यांत बसलीच पाहिजे. चकतीचा ब्रेक असल्यास चाक बाहेर असतांना ब्रेकचा दांडा दाबूं नये. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांस जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला आहे. अशा गाडीची रचना एकदां मिस्त्रीकडून समजून घेतल्यावांचून तिला हात घालूं नये.

दुकानीं टायरवरील बाणाची दिशा चाकाच्या दिशेशीं जुळवून घ्यावी. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. फार जुना माल घेऊं नये. जुना टायर बाभळीच्या कांट्यानें गेला असेल, तर कांट्याचें टोंक आंत राहिलें नाहीं ना, हें बोटानें नव्हे तर फडकें फिरवून पाहावें.

परत बसवितांना आंसास थोडें वंगण लावावें. नट शेवटचा आवळण्यापूर्वीं ब्रेक दाबून धरावा, म्हणजे ब्रेकचे तुकडे मध्यभागीं बसतात. चेनचा झोल सामान्यतः २० ते ३० मिलिमीटर असावा. नक्की माप गाडीच्या पुस्तिकेंत असतें.

आमच्या हातून एकदां वर सांगितलेल्या पट्टीचा नट राहून गेला. घाईचें कारण पावसाचें होतें. सुदैवानें गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वीं अंगणांतच आम्हीं ती हळू चालवून ब्रेक दाबला. ब्रेकची पाटी चाकाबरोबर गरकन् फिरली, दांडी पिळवटली आणि चाक जागच्या जागीं जखडलें. हेंच औंढ्याच्या रस्त्यावर वेगांत घडतें, तर हा लेख लिहावयास आम्ही उरलों नसतों. तेव्हांपासून फडक्यावर एकही वस्तु उरलेली नाहीं, हें दोघांनीं पाहिल्यावांचून आम्ही गाडीवर बसत नाहीं.

म्हणून चाक बसविल्यावर तें हातानें फिरवून पाहावें, ब्रेक दाबून थांबतें कीं नाहीं हें पाहावें, अंगणांत एक फेरी घ्यावी आणि सर्व नट पुन्हा तपासावे. पुढें तालुक्यास जाणें होईल तेव्हां मिस्त्रीकडून नटांचा ताण पाहून घ्यावा. विद्या घरची असावी, पण खातरजमेस दुसऱ्याची नजर घेण्यांत कमीपणा नाहीं.