'वन्स' : निवडलेल्या गाण्यांतून दिसणारी सेलेना
(द्वितीय वर्ष कला)

कवी आपल्याला बहुधा 'निवडक' या शब्दाच्या मागून भेटतो. पाठ्यपुस्तकात त्याच्या चार कविता असतात आणि त्या चारांवरून आपण त्याच्याविषयी मत बनवतो. गायकाचे 'सर्वाधिक गाजलेल्या गाण्यांचे' संकलन हाही असाच प्रकार आहे. अशा निवडीतून कलावंत कितपत कळतो आणि कोठे हातचा निसटतो, याचा विचार एका संकलनाच्या आधारे येथे करावयाचा आहे. ते संकलन म्हणजे अमेरिकेतील गायिका सेलेना हिचे, 2002 साली ईएमआय लॅटिन या कंपनीने काढलेले 'वन्स'. हे नाव 'एक' या इंग्रजी आकड्याचे अनेकवचन आहे. पहिल्या क्रमांकाची गाणी, असा त्याचा आशय.

संकलन निघाले तेव्हा गायिकेला जाऊन सात वर्षे झाली होती. सेलेना किंतानिया हिचा जन्म 16 एप्रिल 1971 रोजी टेक्सास राज्यातील लेक जॅक्सन या गावी झाला. 31 मार्च 1995 रोजी, चोविसावा वाढदिवस पंधरवड्यावर असताना, कोर्पस क्रिस्टी येथे तिची गोळी घालून हत्या झाली. म्हणजे ही निवड तिने केलेली नाही. ती मागे राहिलेल्यांनी केलेली आहे.

तिचे संगीत समजण्यासाठी टेक्सासचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. 1836 पर्यंत हा प्रदेश मेक्सिकोचा भाग होता. पुढे सीमा सरकली, माणसे तेथेच राहिली. या स्पॅनिशभाषक लोकांनी जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांकडून अकॉर्डियन व पोल्का नाच उचलला, त्यात मेक्सिकोची रांचेरा गीते मिसळली आणि त्यातून 'तेहानो' संगीत घडले. भाषेच्या वाट्याला मात्र असे स्वागत आले नाही. 1918 च्या कायद्याने तेथील सार्वजनिक शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याची सक्ती झाली आणि पुढे कित्येक वर्षे शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. घरची भाषा पुढच्या पिढीच्या तोंडून अशी हळूहळू गेली.

सेलेना याच पुढच्या पिढीची. ती इंग्रजी बोलतच वाढली. वडील आब्राहाम हे स्वतः जुने गायक. त्यांनी मुलांचे वाद्यवृंद-पथक उभे केले: भाऊ ए. बी. बास गिटारवर, बहीण सुझेट ड्रमवर आणि सेलेना गायला. घरचे उपाहारगृह 1980 नंतरच्या मंदीत बंद पडले, तेव्हा लग्नसमारंभ आणि जत्रांतील गाणे हेच कुटुंबाचे पोट झाले. ऐकणारे स्पॅनिश मागत होते. म्हणून वडिलांनी तिला स्पॅनिश गाणी उच्चारांवरून पाठ करून घेतली. अर्थ आणि व्याकरण नंतर आले. आठवीच्या सुमारास शाळा सुटली. माध्यमिक शिक्षण तिने 1989 साली टपालाद्वारे पूर्ण केले आणि त्याच वर्षी ईएमआय लॅटिनशी करार झाला.

आता संकलनाकडे वळू. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या लॅटिन गीतांच्या यादीत सेलेनाची सात गाणी प्रथम क्रमांकावर गेली. त्यांपैकी 'आमोर प्रोहिबिदो', 'बिदी बिदी बोम बोम', 'नो मे केदा मास', 'फोतोस इ रेकुएर्दोस' आणि 'तू सोलो तू' येथे आहेत. एवढ्या पाचांतही केवढी विविधता आहे! पहिल्यात वर्गभेदामुळे निषिद्ध ठरलेल्या प्रेमाची व्यथा नाचाच्या ठेक्यावर येते. दुसऱ्यात धडधडत्या हृदयाचा नाद अर्थहीन अक्षरांनी धरला आहे. तिसरे गाणे तिच्या पथकातील वादक रिकी वेला याने रचलेले, संथ आणि शरणागत. चौथे मूळ 'प्रिटेंडर्स' या इंग्रजी रॉक पथकाचे गाणे, स्पॅनिशमध्ये आणलेले. पाचवे तर फेलिपे वाल्देस लेआल यांची जुनी रांचेरा रचना. या सर्वांच्या जोडीला कोलंबियाहून आलेला कुंबिया ताल आहे, तसेच 'ड्रीमिंग ऑफ यू' सारखी इंग्रजी गीतेही आहेत.

परंतु शीर्षकाचा निकष संकलनाने स्वतःच मोडला आहे. 'कोमो ला फ्लोर' हे 1992 मधले गाणे त्या यादीत सहाव्या क्रमांकापुढे गेले नाही. तरीही ते येथे आहे, आणि ते नसते तर श्रोत्यांनी हे संकलन सेलेनाचे मानले असते का, याची शंकाच आहे. आकडा एका आठवड्याची वाजवणी सांगतो. लोकांच्या मनात गाणे कोठे बसते ते सांगत नाही. निवडणाऱ्यांनी येथे आकड्यापेक्षा लोकांच्या स्मृतीला मान दिला, हे मला या संकलनाचे मोठे गुण वाटतात.

उणीव दुसरीकडे आहे. येथे प्रत्येक गाणे तयार आहे, उच्चार स्वच्छ आहे. शिकणारी सेलेना कोठेच ऐकू येत नाही. 1984 पासून छोट्या कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रित केलेली पोरवयातली गाणी या चित्रात नाहीत. प्रसिद्धी मिळाल्यावरही मुलाखतींत तिची स्पॅनिश अडखळे. एकदा दूरदर्शनवर 'चौदा' हा आकडा न आठवल्याने तिने 'दहा आणि चार' अशा धर्तीचा, भाषेत नसलेला शब्द बनवून वापरला. लोक हसले, पण रागावले नाहीत. आपलीही मुले असेच बोलतात हे त्यांना ठाऊक होते.

हे वाचताना मी थांबलो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. घरची बोली वर्गात निघाली की हशा होतो, म्हणून पहिले वर्ष मी बहुतेक गप्प बसून काढले. सेलेनाची वाट माझ्या उलट दिशेची: तिला शाळेची भाषा येत होती, आजीआजोबांची शिकावी लागली. पण चुकण्याची भीती दोन्ही वाटांवर सारखीच असते, आणि ती चुकत चुकत हजारो लोकांसमोर बोलली. 26 फेब्रुवारी 1995 रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये तिला ऐकायला साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. त्याच वर्षी, तिच्या मृत्यूनंतर, 'ड्रीमिंग ऑफ यू' ही ध्वनिमुद्रिका बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट पहिल्या स्थानी आली. बहुतांशी स्पॅनिश असलेल्या ध्वनिमुद्रिकेला हा मान प्रथमच मिळत होता.

तात्पर्य, संकलन हे प्रवेशद्वार आहे. तेच घर समजू नये. 'वन्स' मधून सेलेनाचे यश कळते. ते कशातून आले हे कळण्यासाठी तिची सुरुवातीची कच्ची गाणी आणि अडखळत्या मुलाखती ऐकाव्या लागतात. पाठ्यपुस्तकातल्या चार कवितांनंतर त्या कवीचा मूळ संग्रह ग्रंथालयातून मागून घ्यावा, तो याच कारणासाठी.