कोयनाकाठची सायकल आणि पन्नाशीचे हृदय

पावसाळा सरला, भाताची कापणी झाली, की आपल्या भागातील रस्त्यांवर सायकलवाले दिसू लागतात. पूर्वी सायकल ही शाळकरी मुलांची आणि कामगारांची. आता चाळिशी-पन्नाशीतील व्यापारी, शिक्षक, बँकेतील अधिकारी गिअरची सायकल घेऊन पहाटे बाहेर पडतात. ही समाधानाची गोष्ट आहे. सायकलने रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहण्यास मदत होते, वजन उतरते, आणि पायी धावण्याच्या तुलनेत गुडघ्यांवर भारही कमी पडतो. दवाखान्यात मात्र एक प्रश्न वारंवार येतो, "डॉक्टर, कराडहून चिपळूणला सायकलने जायचे म्हणतोय, जाऊ का?" त्याचे उत्तर रस्ता आणि शरीर या दोहोंकडे पाहूनच द्यावे लागते.

रस्ता आधी समजून घ्या

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी ती दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. आपला रस्ता मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, कोयनानगर असा तिच्याच खोऱ्यातून उलट दिशेने जातो. कराड ते पाटण सुमारे ३५ किलोमीटर आणि कोयनानगर सुमारे ५५ किलोमीटर. एवढ्या अंतरात चढउतार आहेत, पण घाट म्हणावा असा नाही. पुढे कुंभार्ली घाट लागतो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तर चिपळूण वाशिष्ठीच्या काठी, जवळजवळ समुद्राच्याच पातळीला आहे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कराडहून जाणाऱ्याला घाट उतरायचा असतो, चढायचा नसतो. सकाळच्या गार हवेत जंगलातून सायकल आपोआप पोफळीपर्यंत उतरते आणि माणसाला वाटते, आपली तब्येत उत्तम आहे. खरी परीक्षा परतताना होते. पाय थकलेले, ऊन वर आलेले, कोकणातील दमट हवा आणि समोर सहाशे मीटरचा चढ. कोरड्या हवेत घाम वाळतो व शरीर थंड होते. दमट हवेत तो नुसताच निथळतो, शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून पहिल्या खेपेस एकाच दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. चिपळूणला मुक्काम करावा व दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढावा, किंवा परतीसाठी वाहनाची सोय ठेवावी.

घाट किती शक्ती मागतो?

माणूस व सायकल मिळून ९० किलो वजन धरू. ते सहाशे मीटर वर नेण्यासाठी शरीराला सुमारे साडेपाचशे कॅलरी खर्चाव्या लागतात, कारण स्नायूंनी जाळलेल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो व बाकीची उष्णता होते. ही जवळपास तीन-चार मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्यांची शक्ती झाली. सपाटीवरचा खर्च यात धरलेलाच नाही. तेव्हा उपाशीपोटी निघू नये. निघण्यापूर्वी तास-दीड तास आधी पोहे किंवा भाकरी खावी आणि वाटेत दर पाऊण तासाने केळे, चिक्की, खजूर असे थोडे थोडे खात जावे.

पाण्याबाबत दोन टोकाच्या चुका होतात. काही जण पाणी पीतच नाहीत, तर काही जण तासातासाला बाटल्या रिकाम्या करतात. घामातून मीठही जाते. नुसतेच पाणी फार प्यायल्यास रक्तातील सोडियम उतरून डोके दुखणे, मळमळ, भ्रम होऊ शकतो. तहानेप्रमाणे प्यावे, घोट घोट प्यावे. लांबच्या फेरीत एक बाटली जलसंजीवनीची असावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये.

चढावर वेग कोणता?

सोबत्याच्या वेगाने चढू नये. हलका गिअर टाकावा आणि पायडल मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्यांच्या लयीत फिरवावे. जड गिअरवर उभे राहून दाबत गेल्यास गुडघे व हृदय या दोहोंवर ताण येतो. सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची. चढताना एक पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक. दोन शब्दांत धाप लागत असेल तर थांबावे. नाडी मोजून वेग ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रम होऊनही फारशी वाढत नाही. तेथे घड्याळ फसवते, बोलण्याची कसोटी फसवत नाही.

हे दुखणे पित्ताचे नव्हे

बावन्न वर्षांचे एक दुकानदार माझ्याकडे आले. पाटणच्या पुढच्या चढावर त्यांच्या छातीत भरून येई, उतरून उभे राहिले की पाच मिनिटांत बरे वाटे. दीड महिना ते पित्ताची गोळी घेत होते. चढल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे हे हृदयाचे समजावे, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यांचा विश्रांतीतील ईसीजी अगदी व्यवस्थित होता. मी सायकल बंद करायला लावून त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पुढील तपासात मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला व स्टेंट घालावा लागला. आज तज्ज्ञांच्या परवानगीने ते पाटणपर्यंत जाऊन येतात. "घाटाने मला वाचवले," असे ते म्हणतात. खरे पाहता, लक्षण सांगायला ते वेळेत आले म्हणून वाचले.

छातीत दाब, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, थंड घाम, अकारण धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाल्यास माथा कितीही जवळ असो, तेथेच उतरावे व बसावे. १०८ ला फोन करावा. घाटात सर्वत्र मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एकट्याने जाऊ नये. अॅस्पिरिनचे वावडे नसेल, पोटात व्रण किंवा रक्तस्राव नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खावी.

चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात लवकर हृदयविकार असलेल्यांनी घाटाचा बेत करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. गरज वाटल्यास ते स्ट्रेस टेस्ट सुचवतील. विश्रांतीतील ईसीजी चांगला म्हणजे हृदय निर्धोक, असा अर्थ काढू नये.

मधुमेहींसाठी

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चढावर, आणि कधी कधी त्या रात्री झोपेतही, एकदम उतरते. मात्रा किती कमी करावी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्या दिवशी मांडीत इन्शुलिन घेऊ नये, पोटावर घ्यावे. काम करणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर शोषले जाते. खिशात साखर किंवा ग्लुकोज असलेच पाहिजे, आणि सोबत्यालाही ते कोणत्या खिशात आहे हे ठाऊक असावे.

उतार, पाऊस आणि रान

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणापूर्वी वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक वापरावेत, मध्ये सोडावेत. कडेवर रबर दाबणारे ब्रेक पावसात उशिरा लागतात. कोयना परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत धुके, शेवाळ आणि दरडी यांमुळे घाटात सायकल न नेणेच शहाणपणाचे. हेल्मेट प्रत्येक वेळी घालावे.

पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यात किंवा खाचरात उतरू नये. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. फेरीनंतर महिनाभरात ताप व पोटऱ्यांत कळा आल्यास "मी पाण्यात उतरलो होतो" हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. जळू नखाने अलगद बाजूला सरकवावी, ओढू नये. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. अवयव हलू न देता सरकारी रुग्णालय गाठावे.

आखणी अशी करा

पहिले दोन महिने आठवड्यातून तीन दिवस १५ ते २० किलोमीटर. नंतर मल्हारपेठपर्यंत, मग पाटण. पाटणहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी रोजचे काम सहज होत असेल तरच कोयनानगर. कुंभार्ली घाट सर्वांत शेवटी. बैठकीची उंची अशी ठेवा, की पायडल अगदी खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. बैठक खूप खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. खिशात एक चिठ्ठी असू द्या. तीवर नाव, रक्तगट, चालू औषधे, अॅलर्जी व घरचा फोन नंबर लिहा.

घाट कुठे जात नाही. यंदा तयारी झाली नाही तर तो पुढच्या हिवाळ्यात चढता येईल.