जुना कॉम्प्युटर विकताना

एका गावात एक किराणा दुकानदार होता. त्याने दुकानासाठी नवा कॉम्प्युटर घ्यायचे ठरविले. जुना त्याने शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाईंना विकायचे कबूल केले.

बाईंनी विचारले, "दादा, यात विंडोज आहे ना?"

"आहे की, ताई! हिशेबाचं टॅलीसुद्धा आहे. सगळं तसंच ठेवतो. न्या नि वापरा."

दुकानदाराचे मन चांगले होते. पण बोलणे बरोबर नव्हते. का, ते आपण पाहू.

कॉम्प्युटरच्या दोन बाजू असतात. एक म्हणजे डोळ्यांना दिसणारे यंत्र. दुसरी म्हणजे यंत्राने काय करायचे ते सांगणाऱ्या सूचना. या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. यंत्र विकत घेतले, की ते आपले होते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. पैसे भरून ते वापरण्याची फक्त परवानगी मिळते. हिलाच लायसन म्हणतात. भाड्याच्या खोलीतली आपली खाट आपण विकू शकतो. खोली विकू शकत नाही.

लायसन निरनिराळ्या प्रकारचे असते.

पहिला प्रकार यंत्राला बांधलेला. नव्या कॉम्प्युटरबरोबर कंपनीकडूनच आलेले विंडोज या प्रकारचे असते. ते त्याच यंत्रावर चालवायचे. यंत्र विकले, की ते यंत्राबरोबर जाते.

दुसरा प्रकार वेगळा विकत घेतलेला. असे विंडोज जुन्या यंत्रावरून काढून आपल्या नव्या यंत्रावर घालता येते. मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. बैल विकला, की वेसण बैलाबरोबर जाते. पण झूल मालक काढून ठेवतो नि दुसऱ्या बैलावर घालतो. तसेच हे.

तिसरा प्रकार वर्गणीचा. दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरायचे. ही परवानगी माणसाच्या नावावर, त्याच्या खात्यावर असते. यंत्राबरोबर ती जात नाही.

चौथा प्रकार मोकळा. लिनक्स हे त्याचे उदाहरण. ते फुकट मिळते. त्याची नक्कल करून दुसऱ्याला द्यायलाही मोकळीक असते.

आता दुकानदाराकडे वळू. रात्री त्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला, "बाबा, विंडोज ताईंना जाऊ द्या. ते यंत्राबरोबरच आलंय. पण टॅलीचं लायसन तुमचं आहे. जुन्या यंत्रावरून ते सोडवून घेतल्याशिवाय नव्यावर चालू होणार नाही. आणि अख्ख्या गावाची उधारी त्यात आहे. ती ताईंच्या घरी पाठवायची का?"

दुकानदार चपापला. कोणाचे किती देणे आहे, ही लोकांची अब्रूची गोष्ट. ती त्याच्या भरवशावर होती.

मुलाने आधी हिशेबाची नक्कल वेगळी काढून ठेवली. टॅलीचे लायसन सोडवले. आपली खाती बंद केली. मग जुने सगळे पुसून विंडोज नव्याने घातले. विंडोज त्याच यंत्राचे असल्याने ते बिनतक्रार चालू झाले. बिलाची नक्कल त्याने बाईंना दिली. दुकानदाराने त्यांना स्पष्ट सांगितले, "ताई, विंडोज तुमचं. टॅली मात्र माझं, ते काढून घेतलंय."

बाजारात कोणी म्हणतो, "दोनशे रुपयांत सगळी सॉफ्टवेअरं घालून देतो." त्याच्या नादी लागू नये. ती बहुधा चोरीची नक्कल असते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. १९८४ साली त्यात कॉम्प्युटरची सॉफ्टवेअरे आली. जाणूनबुजून चोरीची नक्कल वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. वापर धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद न देता नुसता दंड करू शकते. म्हणून विकणाऱ्याने खरे सांगावे. घेणाऱ्याने विचारून घ्यावे.

ध्यानात ठेवा
१. आपला हिशेब आधी वेगळा काढा.
२. आपले लायसन सोडवा. खाती बंद करा.
३. यंत्र पुसून मगच द्या.
४. काय दिले नि काय नाही, ते कागदावर लिहून द्या.

प्रश्न
१. यंत्र आणि सॉफ्टवेअर यांत फरक काय?
२. दुकानदाराने टॅली तसेच का दिले नाही?
३. तुमच्या घरच्या जुन्या मोबाइलमध्ये कोणाची माहिती आहे? तो विकण्यापूर्वी तुम्ही काय कराल?