मग, सध्या काय?

गेल्या महिन्यात आमच्या ब्लॉकमधला एक सीनियर मार्कशीटच्या कामासाठी हॉस्टेलवर आला होता. मागच्या वर्षीचा मेकॅनिकलचा, फर्स्ट क्लास. मेसमध्ये काकांनी पोळी वाढता वाढता मायेनंच विचारलं, "मग, सध्या काय?" दादा म्हणाला, "प्रयत्न चाललेत काका." आणि मान खाली घालून जेवत राहिला. टेबलावर पुढे कोणी बोललंच नाही. पुढच्या वर्षी हाच प्रश्न आम्हाला येणार आहे ना!

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.)

मी ठरवलं, बेरोजगार नक्की म्हणतात तरी कोणाला ते शोधू. आपल्याकडे २०१७ पासून ही मोजणी 'नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण' करतं. ज्याला काम नाही, पण जो काम शोधतोय किंवा करायला तयार आहे, तो बेरोजगार. साप्ताहिक मोजणीत मात्र सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात धरतात. म्हणजे दादानं रविवारी तासभर पैसे घेऊन शिकवणी घेतली, तर त्या आठवड्यात तो बेरोजगार नाही! आणि काम न शोधता नुसता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बसला, तर तो श्रमशक्तीतच मोजला जात नाही.

अशा मोजणीतही २०२३-२४ मध्ये देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, तर १५ ते २९ वयोगटाचा १०.२ टक्के. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालातला आकडा तर धक्का देणारा आहे. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत फक्त ३.४ टक्के!

मग शिकायचंच कशाला? तसं नाही. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, तो मिळेल ते काम धरतो. त्याला बेरोजगार राहणं परवडत नाही. आपण 'शिक्षणाला शोभेल' अशा नोकरीची वाट बघतो आणि तोवर आई-वडील पोसतात. पण तिकडे कंपनी अनुभव मागते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही!

ही गाठ जर्मनीत आधीच सोडवतात. तिथले कितीतरी विद्यार्थी शाळेनंतर कंपनीशी करार करतात, आठवड्यातले काही दिवस कामावर आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. आपल्याकडेही १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. १९७३ मध्ये पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. पश्चिम विभागाचं प्रशिक्षण मंडळ मुंबईतच आहे. विद्यावेतन कमी, पुढे नोकरीची हमी नाही, हे खरं. पण निदान अनुभवाची रिकामी ओळ भरते.

इथे एक कबुली देतो. माझ्या मामेभावानं आयटीआयत फिटर ट्रेड घेतला, तेव्हा आमच्या घरी ते पाहुण्यांना हळूच सांगायचे. मीही हसलो होतो. नंतर त्यानं वर्षभर अप्रेंटिसशिप केली. पहिला महिना नुसती कानस घासली, म्हणाला, पण जॉब हातात घेतल्यावर कळायला लागलं. आज तो त्याच कामावर आहे, आणि मी व्हर्निअर फक्त प्रॅक्टिकलपुरता धरलाय.

हे सगळं वाचून मी दादाला फोन केला. "डिग्री घेऊन शिकाऊ?" एवढंच बोलून तो गप्प झाला. मला वाटलं रागावला. थोड्या वेळानं म्हणाला, "फॉर्म कुठे भरायचा ते बघून सांग."

बघतोय. दोघांसाठी.