गावकूस, पांढरी आणि खापर : प्राचीन ग्रामवस्तीचा शोध कसा घेतात

मराठी मुलखात गावाच्या भूमीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग करण्याची जुनी रीत आहे. काळी म्हणजे पिकाऊ शेतजमीन आणि पांढरी म्हणजे राहत्या घरांची जागा. पांढरीभोवती मातीचा, दगडाचा अथवा काटेरी कुंपणाचा जो आडोसा असे, त्यास गावकूस म्हणत. हे शब्द आता बोलण्यातून मागे पडत चालले आहेत. तथापि जमिनीत गाडल्या गेलेल्या जुन्या वस्त्यांचा शोध घेणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला त्यांचे महत्त्व फार आहे. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतील राख, शेणकाला, पडक्या भिंतींची माती व फुटक्या भांड्यांची खापरे एकाच जागी साठत गेली की तेथील मातीचा रंग व पोत पालटतो. गाव उठून जाते, घरे नाहीशी होतात, परंतु पांढरी राहते. गावकुसाचीही तीच गोष्ट आहे. तट ढासळतो, खंदक बुजतो, पण दोहोंची खूण जमिनीत टिकून राहते.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनेत सातवाहनांचे राज्य होते आणि पश्चिम किनाऱ्यावरून रोमन साम्राज्याशी व्यापार चालत होता. त्या काळातील कुसाआडच्या वस्त्या कशा ओळखाव्या, त्यांचे उत्खनन कोणत्या पद्धतीने होते आणि साखळी व डिचोली परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांनी त्याबाबत कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोमन व्यापाराचा काळ

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथात पैठण व तगर या दख्खनच्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. या पेठांतील माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. सुती कापड, हस्तिदंत व रंगीत खडे येथून जात. मद्य, तांबे, कथील, शिसे व पोवळे तिकडून येत.

ग्रंथातील या वर्णनाला जमिनीतून मिळालेल्या वस्तूंनी पुष्टी दिली आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. उलट दिशेने पाहता, कोल्हापूर येथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती व इतर परदेशी कांस्यवस्तू सापडल्या. नेवासे येथे मद्य वाहून आणण्याच्या, निमुळत्या बुडाच्या व दोन कानांच्या कुंभांची खापरे मिळाली.

ही स्थळे बहुतांशी नगरे अथवा बाजारपेठा होती. परंतु पेठेत येणारे धान्य, कापूस, जनावरे व मीठ खेड्यांतूनच येत असले पाहिजे. नगरांचा इतिहास पुष्कळ अंशी कळला, तरी त्यांना पोसणाऱ्या लहान वस्त्यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ग्रामवस्तीच्या अभ्यासाची निकड या कारणाने निर्माण होते.

विलायतेतील कुंपणवस्त्या व आपल्याकडील पद्धत

रोमन सत्ता इ. स. ४३ पासून सुमारे पावणेचार शतके ब्रिटनमध्ये होती. त्या काळातील अनेक शेतकरी कुटुंबे खंदक व मातीचा बांध घालून वेढलेल्या आवारात राहत. आवारात घर, गुरांचा गोठा, धान्य साठविण्याच्या जागा व पाण्याची सोय असे. असे खंदक आज डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु बुजलेल्या खंदकातील माती खोल व ओलसर असल्याने तिच्यावरील पीक उंच वाढते व अधिक दिवस हिरवे राहते. गाडलेल्या भिंतीवरील पीक लवकर पिवळे पडते. विमानातून छायाचित्रे घेतली असता या फरकामुळे संपूर्ण आवाराची आकृती शेतात रेखाटल्यासारखी उमटते.

मातीच्या तटांचे व खंदकांचे शास्त्रशुद्ध उत्खनन करण्याची रीत घालून देणाऱ्यांत सर मॉर्टिमर व्हीलर हे एक प्रमुख होत. इंग्लंडमधील मेडन कॅसल या प्रचंड मातीच्या तटबंदीचे उत्खनन त्यांनी १९३४ ते १९३७ या काळात केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा उभी करणारे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी विद्यार्थिदशेत तेथेच प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. १९४४ मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्यांनी तक्षशिला येथे भारतीय तरुणांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविला. सांकळिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. तात्पर्य, तेथील खंदकांवर पारखली गेलेली रीत आणि आपल्याकडील पांढरीचे संशोधन यांचा संबंध जवळचा आहे.

तट व खंदक कसे वाचावे

कुसाच्या उत्खननात प्रथम तट व खंदक यांना आडवा छेद देणारा एक अरुंद चर घेतात. चराच्या उभ्या भिंतीवर मातीचे थर रंगावरून व पोतावरून निरनिराळे दिसतात. प्रत्येक थराला क्रमांक देऊन त्याचे मोजमापासह रेखाचित्र काढले जाते आणि त्यातील वस्तू त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवल्या जातात. हे थर वाचण्याचे नियम सामान्य वाचकालाही सहज समजतील.

पहिला नियम असा की, मूळ जागा न ढवळली गेल्यास खालचा थर आधीचा व वरचा थर नंतरचा असतो. दुसरा नियम तटाविषयी आहे. तटाची माती ज्या जमिनीवर टाकली ती जमीन तटाखाली झाकली जाते. त्या झाकलेल्या पृष्ठभागावरील खापरे तट उभारण्यापूर्वीची असलीच पाहिजेत. तिसरा नियम खंदकाविषयी आहे. खंदक वापरात असताना त्याच्या तळाशी बारीक गाळ साचतो. त्यातील वस्तू वस्ती नांदत असतानाच्या असण्याचा संभव अधिक. त्यावरील जाड भर मात्र पुष्कळदा वस्ती उठल्यानंतर, तट ढासळून किंवा लोकांनी कचरा टाकून झालेली असते.

चौथा नियम नाण्यांविषयीचा असून तो विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या थरात दुसऱ्या शतकातील नाणे मिळाले, तर तो थर त्या नाण्याहून जुना नाही एवढेच सिद्ध होते. नाणे शंभर वर्षे वापरात राहून मग हरवलेले असू शकते. म्हणून एका नाण्यावरून कालनिर्णय न करता त्या थरातील सर्व खापरांचा एकत्रित विचार करावा लागतो.

खापरांचे मोल पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे स्पष्ट झाले. १९४५ मध्ये तेथे व्हीलर यांना इटलीत बनलेल्या तांबड्या झिलईच्या भांड्यांचे तुकडे स्थानिक भांड्यांबरोबर एकाच थरात मिळाले. इटलीतील त्या भांड्यांचा काळ माहीत असल्याने सोबतच्या स्थानिक भांड्यांचाही काळ ठरला. पुढे तशीच स्थानिक खापरे अन्यत्र मिळाली, की तेथील थरांचा काळ सांगता येऊ लागला. हे सर्व शक्य झाले ते दोन्ही प्रकारची खापरे मूळ जागी, एकत्र, न हलविलेली सापडली म्हणून. तेच तुकडे कोणी आधी वेचून एखाद्या कपाटात ठेवले असते, तर त्यांची सांगड घालता आली नसती.

महाराष्ट्रातील उदाहरणे

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या पवनी या गावी मातीचा तट व खंदक यांच्या खुणा आजही ओळखता येतात. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये तेथे संयुक्त उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडी येथे प्राचीन बौद्ध स्तूप प्रकाशात आला. नागपूर जिल्ह्यातील अडम येथेही मातीचा तट व खंदक यांनी वेढलेली वसाहत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९८८ पासून काही वर्षे उत्खनन झाले. तेथे मिळालेल्या एका मातीच्या मुद्रेवर ‘असकजनपदस’ अशी अक्षरे आहेत. मुठीत मावणाऱ्या मातीच्या तुकड्याने एका जनपदाचे नाव उजेडात आणले, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय.

गोमंतक व साखळीचा परिसर

गोमंतकात कुसाआडच्या प्राचीन वस्तीचे ठळक उदाहरण म्हणजे सासष्टीतील चांदोर. कुशावतीच्या काठचे हे स्थळ म्हणजे प्राचीन चंद्रपूर. भोज राजा देवराज याचा शिरोडे येथे सापडलेला ताम्रपट चंद्रपुराहून दिलेला आहे. तेथील ‘कोट’ हे स्थलनामच तटबंदीची आठवण जागी ठेवते. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील फादर हेन्री हेरास यांनी १९२९ मध्ये तेथे संशोधन केले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात विटांच्या प्राचीन मंदिराचे अवशेष उघड झाले.

साखळीजवळील हरवळे येथील लेणी सर्वांना परिचित आहेत. जांभ्या दगडात कोरलेल्या या लेण्यांत शिवलिंगे असून त्यांतील एकावर ब्राह्मी लिपीतील लहानसा लेख आहे. लेखाच्या वळणावरून तो सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. म्हणजे ही लेणी रोमन व्यापाराच्या भरभराटीच्या कित्येक शतके नंतरची ठरतात. परंतु लेणी ही लोकांच्या आश्रयाने कोरली जातात. त्यांना आश्रय देणारे लोक कोठे राहत होते, त्यांची शेती कोठे होती आणि त्यांच्याही पूर्वी या खोऱ्यात कोण नांदत होते, ही माहिती दगडात मिळणार नाही, ती मातीत शोधावी लागेल. साखळीहून केरी व चोर्ला घाटमार्गे वर गेल्यास बेळगाव लागते. त्या शहरालगत वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन नगराचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत. घाटमाथ्यावर असे नगर असताना घाटाखालील खोऱ्यांचा शोध घेणे अगत्याचे आहे.

येथील परिस्थिती देशावरील परिस्थितीहून वेगळी आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पडणाऱ्या पावसाने मातीचे तट लवकर झिजतात. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे व लाकूड सहसा टिकत नाहीत. नदीकाठच्या जुन्या जागा पुराच्या गाळाखाली जातात. घनदाट झाडीमुळे आकाशातून घेतलेली छायाचित्रे सर्वत्र उपयोगी पडत नाहीत. म्हणून येथे पायी पाहणी, स्थलनामे व ग्रामस्थांची माहिती यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. तांबड्या मातीत मध्येच राखेरी रंगाचा पट्टा दिसणे, विहीर किंवा पाया खणताना ठराविक खोलीवर खापरांचा थर लागणे, मोठ्या आकाराच्या भाजलेल्या विटा सापडणे, सपाट शेतात कारणावाचून दिसणारा लांबट उंचवटा व त्यालगतची सखल पट्टी, ही लक्षणे नोंद घेण्याजोगी होत. अर्थात प्रत्येक उंचवटा म्हणजे प्राचीन तट नव्हे. पाण्यासाठी घातलेले बांध, शेताच्या मेरा व खाणीतील टाकाऊ मातीचे ढीग आपल्याकडे पुष्कळ आहेत. निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा. आपण नोंद मात्र अवश्य करावी.

कायदा व आपले कर्तव्य

लोहखनिजाच्या व चिऱ्यांच्या खाणी, रस्त्यांची रुंदी आणि नवी बांधकामे यांमुळे या भागात जमीन वेगाने उलथली जात आहे. यंत्राच्या एका फावड्याने दोन हजार वर्षांचे थर क्षणात मिसळून जातात, व एकदा मिसळलेले थर पुन्हा लावता येत नाहीत. जळालेल्या दप्तराची नक्कल कोठे तरी मिळू शकेल. मातीच्या दप्तराला नक्कल नसते.

भारतीय निखातनिधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्या संरक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा व गोव्याचा १९७८ चा अधिनियम आहे. पुराणवस्तूंच्या व्यापारावर १९७२ च्या अधिनियमाने निर्बंध घातले आहेत. धनाच्या आशेने रात्री चोरून केलेली खोदाई हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय तीत धनाऐवजी बहुधा खापरेच हाती येतात आणि गावाचा इतिहास मात्र कायमचा जातो.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. खोदकामात जुने अवशेष लागल्यास त्या जागेपुरते काम थांबवावे. वस्तू धुऊ, घासू वा वाटून घेऊ नयेत.

२. वस्तू हलविण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. जागा, खोली व दिनांक लिहून ठेवावा. वस्तू आधीच निघाली असल्यास कोणत्या खोलीतून निघाली ते खणणाऱ्यास त्याच दिवशी विचारून नोंदवावे.

३. ग्रामपंचायतीमार्फत मामलेदार व पुरातत्त्व खाते यांना विनाविलंब कळवावे.

४. बांधकामास अथवा खोदाईस परवानगी देताना अधिकाऱ्यांनी जुन्या स्थलनामांची व ज्ञात अवशेषांची चौकशी करावी.

५. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा तयार करून घ्यावा. त्यात जुन्या विहिरी, देवस्थाने, ओसाड जागा व त्यांची नावे वृद्धांना विचारून भरावीत. विद्यार्थ्यांनी कोठेही खणू नये. केवळ पाहावे, विचारावे व लिहावे.

असा एक नकाशा प्रत्येक शाळेत तयार झाला, तर उद्या येणाऱ्या संशोधकाला चर कोठे घ्यावा हे गावच सांगू शकेल. गावकुसाचे काम वस्तीचे रक्षण करणे हे होते. आज कूस उरले नाही. तेव्हा जुन्या वस्तीचे रक्षण करण्याचे काम आता गावानेच अंगावर घेतले पाहिजे.