झोपडीच्या दारीं आरोग्यदूत

मनुष्यास रोग झाला म्हणजे त्यानें वैद्याकडे जावें, ही रीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्यास चालतां येत नाहीं व आपणांस काय होत आहे हें सांगतांहि येत नाहीं, अशा एका दिवसाच्या बालकानें काय करावें? त्याच्याकडे कोणीतरी चालून गेलें पाहिजे. हें काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास गडचिरोली हा अरण्यमय जिल्हा आहे. तेथें १९८६ सालीं डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्यानें ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्या काळीं तेथील बहुतेक बाळंतपणें घरींच होत आणि रुग्णालय दूर असे. न्युमोनिया हा फुप्फुसांचा रोग लहान मुलांचा मोठा शत्रु होता. या रोगांत श्वास फार जलद चालतो. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे श्वास एका मिनिटांत ६० किंवा अधिक झाले, तर तें धोक्याचें लक्षण समजतात. पण गांवच्या निरक्षर सुइणींस इतकें मोजतां येत नसे. मग त्यांनीं रोग ओळखावा कसा?

यावर डॉक्टरांनीं एक सोपें साधन योजिलें. एका चौकटींत मण्यांच्या दोन ओळी व एक मिनिटांत रिकामी होणारी वाळूची घटिका. दोन महिन्यांच्या आंतील बालकासाठीं वरच्या ओळींत पांच हिरवे मणी व एक तांबडा. त्याहून मोठ्या मुलासाठीं खालच्या ओळींत चार हिरवे व एक तांबडा. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला, कीं न्युमोनिया समजावा. ज्या बाईस दहापर्यंत मोजतां येतें, तिला हा रोग ओळखतां येऊं लागला!

पुढें त्यांनीं नवजात बालकांकडे लक्ष वळविलें. ३९ गांवांतून थोडें लिहितांवाचतां येणाऱ्या स्त्रिया निवडून त्यांस ‘आरोग्यदूत’ म्हणून शिक्षण दिलें. प्रसूतीच्या वेळीं हजर राहणें, बाळाचें वजन व ताप पाहणें, त्यास ऊबदार गुंडाळणें, मातेस अंगावर पाजण्यास साहाय्य करणें, श्वास न घेणाऱ्या बाळास श्वास देणें आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच औषध व इंजेक्शन देणें, हीं कामें त्या करूं लागल्या. आरंभीं या गांवांत दर हजार जन्मांमागें सुमारें ६२ बालकें पहिल्या महिन्यांत दगावत. योजनेच्या तिसऱ्या वर्षीं ही संख्या सुमारें २५ वर आली. जेथें ही योजना नव्हती, त्या गांवांत हें प्रमाण जवळजवळ होतें तसेंच राहिलें. हा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

या यशाचें कारण काय? आरोग्यदूत त्याच गांवची असल्यामुळें घरची भाषा तिचीच असते; मध्यरात्रीं हांक मारली तरी ती ऐकूं जाते. अर्थात् ती डॉक्टर नव्हे. आपल्या हातून होईल तें करणें आणि न होईल तेव्हां रुग्णास वेळेवर रुग्णालयांत धाडणें, हें दोन्ही तिला कळलें पाहिजे.

भारत सरकारनें २००५ सालापासून खेड्यांत साधारणतः हजार लोकवस्तीस एक याप्रमाणें ‘आशा’ सेविका नेमण्याची योजना सुरू केली, आणि २०११ सालापासून नवजात बालकांच्या घरीं जाण्याचें कामहि त्यांच्याकडे दिलें. बाळ रुग्णालयांत जन्मलें असल्यास बेचाळीस दिवसांत सहा, व घरीं जन्मलें असल्यास सात भेटी त्यांनीं द्यावयाच्या असतात. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला. तथापि त्यांस कायम नोकरीचें वेतन नाहीं, मोबदला मिळतो. गौरव मोठा आणि मिळकत अल्प, ही विसंगति विचारी मनुष्यास बोंचल्यावांचून राहणार नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरीं बाळ जन्मास आलें, तर आरोग्यदूतांनीं शिकविलेल्या चार गोष्टी ध्यानांत ठेवा. हात साबणानें धुतल्यावांचून बाळास शिवूं नये. जन्मतांच त्यास न्हाऊं घालूं नये. त्यास ऊब द्यावी. आणि तासाभराच्या आंत आईचें दूध पाजावें, मध किंवा पाणी नको. आणि आईबापांनो, आशाताई दारीं आली, तर तिला उंबऱ्याबाहेर तिष्ठत ठेवूं नका. ती आपल्या घरच्या सर्वांत लहान माणसाला भेटावयास आलेली असते.