कचरा प्रकल्प घराजवळ येतोय म्हणतात? आधी पावसाचं पाणी कुठे जातं ते बघा



पेडण्यात कुठल्याही वाड्याजवळ कचऱ्याचा किंवा पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली, की दोन गोष्टी होतात. अर्धे लोक "नको म्हणजे नको" म्हणतात आणि अर्धे म्हणतात, "मग कचरा टाकायचा कुठे?" दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आमच्या एका वयस्कर सभासद बाईंनी हे एका वाक्यात सांगितलं: "कचरो आमचोच, पूण बांयचें उदकय आमचेंच." त्यांचं बोलणं डोक्यात ठेवूनच हा पाठ लिहायला घेतला. थोडा लांब झाला आहे, पण सावकाश वाचा. सभेत उभं राहून बोलायची वेळ आली तर कामाला येईल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. "रिसायकलिंग प्रकल्प" असं एकच नाव घेतात, पण त्यात चार-पाच वेगवेगळे धंदे येतात. सुका कचरा वेगळा करून गठ्ठे बांधणारी शेड ही एक गोष्ट. प्लास्टिक धुऊन, कापून, वितळवून दाणे करणारा कारखाना ही दुसरी. ओल्या कचऱ्यापासून गॅस किंवा खत करणारा प्रकल्प तिसरा. जुन्या बॅटऱ्या, इलेक्ट्रॉनिक माल किंवा जळकं तेल हाताळणारा चौथा. उरलेला निरुपयोगी कचरा पुरायची जागा, म्हणजे लँडफिल, ही तर पूर्ण वेगळीच गोष्ट. पहिल्यात मुख्य भीती आगीची आणि ट्रकांची. दुसऱ्यात धुण्याच्या पाण्याची. तिसऱ्यात वासाची आणि कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याची. चौथ्यात शिशासारख्या जड धातूंची. म्हणून कोणी "प्रकल्प येतोय" म्हटलं, की पहिला प्रश्न विचारायचा: आत येणार काय, रोज किती टन, आणि बाहेर जाणार काय? शंभर टन आत आले तर शंभर टन माल होऊन बाहेर जात नाहीत. जे उरतं ते कुठे ठेवणार, हे प्रकल्पवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगता आलं पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, पाणी.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. प्रकल्पाला जागा बहुधा सड्यावर बघतात, कारण सडा "पडीक" दिसतो. पण सड्याचा जांभा दगड हा स्पंजासारखा असतो. वर पडलेलं पाणी तो पितो आणि खाली डोंगराच्या पायथ्याला झरीतून, विहिरीतून सोडतो. मार्च-एप्रिलात आपल्या बांयला जे पाणी असतं ते गेल्या पावसात सड्याने साठवलेलं. तिथून ते ओहोळाने शेतात, शेतातून खाजनात, खाजनातून मानशीतून खाडीत. पेडणे तालुका तर वर तेरेखोल आणि खाली शापोरा अशा दोन नद्यांच्या मध्ये बसलेला. म्हणजे सड्यावर जे सांडेल ते आज ना उद्या जाळ्यात येणारच.

कचऱ्याच्या ढिगातून झिरपणाऱ्या पाण्याला लिचेट म्हणतात. कुजणारा ओला कचरा, त्यावर पाऊस, आणि खाली काळा-तपकिरी रस. हा रस पाण्यात मिसळला की जिवाणू तो खायला लागतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासळीसाठीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम लागतो. त्याच्या खाली गेला की मोठी मासळी बाजूला सरते, आणि जिला सरता येत नाही ती मरते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत लिचेट प्रक्रिया करून नदी-ओहोळात सोडायचं असेल तर त्याची बीओडी, म्हणजे प्राणवायू खाण्याची भूक, लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, शिसं ०.१ आणि पारा ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं दिलं होतं. कच्च्या लिचेटची बीओडी हजारांत असू शकते. म्हणजे प्रक्रिया करणारी यंत्रणा दोन दिवस बंद पडली आणि तेव्हाच पाऊस झोडपून काढत असला, तर काय होईल याचा हिशोब कोणीही करू शकतो.

यात आपलं नुकसान दुसऱ्यांपेक्षा जास्त, कारण खाडी ही पिल्लांची शाळा आहे. शेवटां, सुंगटां, चणक, काळुंद्रां यांची पिल्लं इथे वाढतात. तिसऱ्यो, खुबे, कालवां तर जागची हलतच नाहीत. ती पाणी गाळून पोट भरतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते अंगात साठवतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा अनेक घरांची चूल खाडीवर चालते. आणि लिचेट सर्वांत जास्त सुटतं ते नेमकं याच महिन्यांत.

प्लास्टिक धुण्याच्या प्रकल्पाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. प्लास्टिक कापताना, धुताना त्याचे डोळ्याला न दिसणारे कण सुटतात आणि धुण्याच्या पाण्याबरोबर जातात. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका नव्या पुनर्प्रक्रिया कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आलेल्या प्लास्टिकपैकी वजनाने सुमारे १३ टक्क्यांपर्यंत भाग असा कणांच्या रूपाने पाण्यात जात असावा, आणि गाळण्या बसवल्यावर तो ६ टक्क्यांच्या आसपास आला, असा त्यांचा अंदाज होता. तोही चांगला, नवा कारखाना. म्हणून विचारायचं: धुण्याचं पाणी परत वापरणार का, गाळणी कुठली, आणि गाळणीत अडकलेला गाळ कुठे टाकणार?

आता आपल्या आसपासची उदाहरणं.

साळगावचा प्रकल्प २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाला. आधी त्या सड्यावर उघडा ढीग होता. त्या मानाने बंदिस्त शेड, गॅसपासून वीज, ही नक्कीच सुधारणा. सुरवातीला क्षमता साधारण १०० टन होती, पुढे ती २५० टनांपर्यंत वाढवली. वास आणि सांडपाण्याबद्दल तिथल्या लोकांच्या तक्रारी येत राहिल्या. यातून दोन गोष्टी घ्या. एक, प्रकल्प ज्या आकाराचा येतो त्या आकाराचा राहत नाही, म्हणून "पुढे वाढवणार का" हे पहिल्याच सभेत लेखी विचारा. दुसरी थोडी कडू आहे. किनारपट्टीवरचा कचरा वर्षानुवर्षं त्या गावच्या सड्यावर जातो. आपण नुसतं "आमच्याकडे नको" म्हटलं तर साळगावकरांना आपण काय उत्तर देणार?

मडगावच्या सोनसोड्यावर मे २०१९ मध्ये मोठी आग लागली, धूर कित्येक दिवस होता. केरळात कोचीजवळ ब्रह्मपुरम इथे कडंब्रयार नदीच्या काठी कचऱ्याला २ मार्च २०२३ रोजी आग लागली, ती विझायला बारा दिवस लागले. राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या महापालिकेला १०० कोटींचा दंड केला. दंड झाला, पण तो धूर ज्यांच्या छातीत गेला तो गेलाच. ब्रह्मपुरम कागदावर प्रक्रिया प्रकल्पच होता. प्रक्रिया मागे पडली, ढीग पुढे गेला.

उलटं उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. तेरेखोल ओलांडून वेंगुर्ल्याला जा. तिथला कचरा डेपो नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना असा बदलला की लोक तो बघायला येऊ लागले. तिथे जादूचं यंत्र वगैरे काही नाही. कचरा घरातच वेगळा करायचा, आणि वीसहून जास्त प्रकारांत लावायचा, एवढंच. ओल्यात प्लास्टिक नाही, म्हणून घाण वास नाही, म्हणून कुत्री-कावळे नाहीत. माझं वैयक्तिक मत असं, की घराजवळ चालेल असा प्रकल्प एकच: छोटा, छपराखालचा, आणि मिसळलेला कचरा दारातूनच परत पाठवणारा. मिसळलेला कचरा घेणारा मोठा प्रकल्प वस्तीजवळ नकोच.

जपानच्या मिनामाताची गोष्ट मच्छीमारांनी तरी माहीत करून घ्यावी. चिस्सो नावाच्या कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी १९३२ ते १९६८ पर्यंत खाडीत जात होतं. मासळी खाऊन आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली, मग माणसं आजारी पडली. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये मच्छीमार रस्त्यावर आले तेव्हा कारखान्याने वाजतगाजत सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं. पुढे उघड झालं की सेंद्रिय पारा काढण्यासाठी ते यंत्र बनवलेलंच नव्हतं. त्याच डिसेंबरात रुग्णांच्या कुटुंबांकडून करार करून घेतला, की नंतर कारखाना दोषी ठरला तरी जास्त भरपाई मागणार नाही. १९७३ मध्ये कोर्टाने तो करार रद्द ठरवला, पण मधली चौदा वर्षं गेली. आपल्याकडचा प्लास्टिक प्रकल्प म्हणजे मिनामाता नव्हे, उगाच घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण "यंत्रणा बसवणार आहोत" असं कोणी म्हटलं, की ती नेमकं काय काढते हे विचारावं लागतं. आणि नोकरी-देणगीच्या बदल्यात कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो कागद संस्थेत आणून दाखवा.

कायद्याचं थोडक्यात. प्रकल्पाला गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, पाण्याच्या १९७४ च्या आणि हवेच्या १९८१ च्या कायद्याखाली. एक उभारायला, दुसरी चालवायला. संमतीच्या अटी माहितीच्या अधिकारात १० रुपये फी भरून मागता येतात, उत्तराला मुदत ३० दिवस. सामाईक घनकचरा प्रकल्प असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीचा विषय येतो. जनसुनावणी असली तर ३० दिवसांची नोटीस, स्थानिक भाषेत सारांश, आणि सुनावणीचं चित्रीकरण हवं. जनसुनावणीला गणसंख्येची अट नाही. म्हणजे आपण गेलो नाही तरी ती होते, आणि "कोणाची हरकत नव्हती" असं लिहिलं जाऊ शकतं. जे येणार नाहीत त्यांनी निदान लेखी द्यावं.

२०१६ च्या नियमांत लँडफिलसाठी अंतरंही दिली होती: नदीपासून १०० मीटर, तळं, वस्ती आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर. (कावळे, घारी ढिगावर जमतात आणि विमानाला धडकतात, म्हणून.) कोरगावाहून मोपा २० किलोमीटरच्या आतच आहे. पण ही अंतरं लँडफिलची, वर्गीकरण शेडची नव्हेत, हे लक्षात ठेवा. सभेत चुकीचा नियम सांगितला की समोरचा हसतो आणि आपला खरा मुद्दाही वाया जातो. नियम बदलतात, सध्याची प्रत मंडळाकडून घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचं काम, आणि ते प्रकल्प येण्याआधीच करावं लागतं. आज आपलं पाणी कसं आहे याची नोंद आपल्याकडे हवी. ती नसेल तर उद्या विहीर बिघडली तरी "आधीपासूनच असं होतं" म्हणतील, आणि आपण गप्प बसू.

खाजनाजवळच्या विहिरी मे महिन्यात अशाही मचूळ होतात, म्हणून नुसतं मीठ मोजून काही सिद्ध होत नाही. अमोनिया, नायट्रेट, पीएच, जिवाणू आणि जड धातू हेही बघावं लागतं. खाडीच्या पाण्यात प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो, बाटलीत घरी आणून उपयोग नाही. मानशीजवळचा नमुना सुकतीला घ्यायचा, तेव्हा आतलं पाणी बाहेर येत असतं. भरतीला घेतला तर समुद्राचं पाणी तपासल्यासारखं होईल. जिवाणूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची असावी. तीन वेळा नमुने घ्यावे: मेच्या मध्यात, पहिल्या जोरदार पावसानंतर, आणि ऑक्टोबरात.

दुसरा पुरावा आपल्या घरातच आहे. मानशीच्या पावणीच्या जुन्या पावत्या, मासळी विकल्याच्या वह्या, कोणत्या महिन्यात काय मिळालं याच्या नोंदी. खाडी किती पिकते हे त्यातून आकड्यांत दिसतं. फेकू नका, उंदीर खाण्याआधी बाहेर काढा.

आणि जाता जाता आपल्या दारचंही. तुटलेली नायलॉनची जाळी, थर्माकोलच्या पेट्या, इंजिनचं जळकं तेल हा कचरा आपलाच. जळकं तेल पाण्यात ओतू नका, बंद डब्यात जमा करा. संस्थेत एक पिंप ठेवायचा विचार आहे, त्याची किंमत काढली की कळवतो.

ज्यांच्या घराला विहीर आहे त्यांनी विहिरीची खोली, मे महिन्यात पाणी किती उतरतं आणि खाजनापासूनचं अंतर, एवढं कागदावर लिहून येत्या रविवारी सकाळी १० वाजता संस्थेच्या कार्यालयात आणावं. पावत्या असतील तर त्यांची झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.

आपला,
सचिव